गंजाचा पंचनामा
“हात लावू नका भाऊजी, सगळं हाताला येतंय,” असं वहिनी म्हणेपर्यंत दिरांनी पिकअपच्या बॉनेटवर तळवा टेकलाही होता. तो विटकरी होऊन परत आला. त्यांनी रुमाल काढला, एकेक बोट पुसलं आणि शेडच्या दारात वही घेऊन उभ्या असलेल्या पुतणीला सांगितलं, “लिही. बॉनेट, गंज.”

पुतणीने लिहिलं. या कामासाठी ती सकाळीच परगावाहून आली होती आणि आल्यापासून तिचा एकच धोशा होता, की आई, जाऊ दे ना ती गाडी.

आई जाऊ देणाऱ्यांतली नव्हती.

पिकअप दोघा भावांनी मिळून घेतलेली. थोरला भाऊ गेल्या वर्षी वारला आणि त्याच्या बायकोकडे अर्धी गाडी उरली. अर्ध्या गाडीचं करायचं काय, यावरून घरात वर्षभर धुसफूस चालली होती. शेवटी दिरांनीच तोडगा काढला. जुन्या गाड्या नव्या करण्याचा त्यांना भारी नाद, त्यांच्या गॅरेजात तशा दोन चकाकत उभ्या होत्या. तेव्हा तपासणी तेच करणार. गाडी पुन्हा उभी राहण्यासारखी असेल तर ते घेऊन जाणार. भंगार ठरली तर आपला अर्धा हिस्सा वहिनींना सोडणार. परीक्षक आणि बक्षिसाचा मानकरी एकच! तरी वहिनी कबूल झाल्या.

“निकाल मात्र आजच्या आज आणि लेखी पाहिजे,” त्या म्हणाल्या होत्या. “मला ती गाडी हवी आहे. भंगार तर भंगार. मी चालवणार.”

दीर हसले होते. आजही मधूनमधून हसत होते. अंगात कडक इस्त्रीची फिकी विजार, त्यामुळे तपासणी दोन हात लांबूनच चालली होती.

“दारं गेली. खालची पट्टी गेली. मागच्या हौद्याला भोकं, तीन... चार.”

“पाच,” वहिनी म्हणाल्या. “चाकामागे एक आहे.”

“लिही, पाच.”

वहिनींनी कोपऱ्यातली हातोडी उचलून त्यांच्यापुढे धरली. “ठोकून बघा की. नुसतं लांबून काय कळतंय?”

“वहिनी, दोन गाड्या उभ्या केल्यात मी. कुजलेला पत्रा मला रस्त्यापलीकडून ओळखता येतो. तुम्ही नाटक कंपनीत तीस वर्षं महाल न् भिंती रंगवल्यात, ते काम वेगळं. हे लोखंड आहे.”

वहिनींचे कान तापले. हातोडी त्यांनी खाली ठेवली नाही.

“ते महाल याच गाडीतून गावोगाव नेलेत, भाऊजी. तुमचे भाऊ चालवायचे, मी शेजारी बसायची. मला चालवू द्या म्हटलं की म्हणायचे, पुढच्या खेपेला. तीस वर्षं पुढची खेप! आता कुणाला विचारायचं नाही मला. साठी उलटली म्हणून मी काही खिडकीत बसून रस्ता बघणार नाही.”

“आई,” मुलगी हळूच म्हणाली.

“तू लिही.”

दिरांनी नाक वर केलं. “वास कसला येतोय?”

“सीटखाली उंदीर मेला असेल. काढता का?”

दीर आणखी एक पाऊल मागे सरले. मग काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून त्यांनी दोन बोटांनी बॉनेटची कड ओढून पाहिली. ती हलली नाही. बुटावर मात्र तांबडा भुगा पडला.

“राहू दे. वर ही दशा, तर आत इंजिनाचं काय झालं असेल!” ते वळले आणि थबकले. “तरी एक करू. पाण्याचा पाइप आणा. धुतली की खरं काय ते दिसेल.”

वहिनींनी हातोडी खाली ठेवली.

“धुवा ना,” त्या म्हणाल्या. “फक्त विजार दुमडून घ्या. वर्षभर हौद्यात कोंबड्या बसत होत्या, ते सगळं अंगावर उडेल. आणि पाण्याच्या जोराने पत्रा गळून पडला, तर तुकडे तुम्हीच गोळा करायचे. मी वाकणार नाही.”

दिरांनी विजारीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. घड्याळाकडेही पाहिलं.

“लिही,” ते पुतणीला म्हणाले. “गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही. भंगार.”

त्यांनी सही केली. वहिनींनी त्यांना खाली तारीख घालायला लावली, आपला हिस्सा सोडल्याचं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं आणि मुलीची साक्षीदार म्हणून सही घेतली. दिरांना आता त्यांची कीव आली.

“वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. भंगारवाल्याचा नंबर देऊ का?”

“मी गाडी घेऊन तुमच्या दारात येईन ना, तेव्हा द्या.”

फाटकापर्यंत ते हसत गेले.

मुलीने वही आपटली. तिचे डोळे भरून आले होते. “काय मिळवलंस, आई? या सांगाड्यासाठी काकांशी वर्षभर भांडलीस. सगळे हसतायत तुला. मलाही लाज वाटते गं.”

दिरांची गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज येईपर्यंत आई कान देऊन उभी राहिली. मग मागे जाऊन तिने पाण्याची भरलेली बादली आणली, दोन स्पंज बुडवले आणि एक मुलीच्या हातात दिला.

“दारापासून सुरू कर,” ती म्हणाली. “पण हलक्या हाताने हं. खालचा रंग देऊन अजून आठवडाही झाला नाही.”