कालवणातलं मीठ

काशीरामनं ताट भिंतीवर भिरकावलं, हौसाचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं ओट्यावर आपटलं.

"आज परत खारट? मला मारतंस काय गो?"

हौसाची भुवई फुटली. "आपटा. दुसरं काय येतंय तुमाला?"

त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. दोन तडाखे बसले आणि तिसऱ्याला त्याच्याच छातीत कळ आली. तो मटकन खाली बसला. हौसानं घाईनं त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली.

त्यांचा मुलगा प्रितम दारातच उभा होता. बापाचा हात धरायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो आईलाच समजवायचा.

"आई, उलट कशाला बोलतेस? डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"नाय रे."

पनवेलच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. ऑपरेशनला काशीरामनं साफ नकार दिला होता.

"आन् यांना राग आला तं?" हौसानं विचारलं होतं.

"राग अजिबात नको. एखाद्या दिवशी त्या रागातच जातील."

तिनं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. एवढा मार खाऊनही आईचा जीव या माणसात अडकलाय, हे बघून प्रितमला भरून आलं होतं.

डॉक्टरांकडून परतल्या त्या संध्याकाळपासूनच आईचं काहीतरी बिनसलं होतं. कधी कालवण खारट, कधी भात करपलेला, कधी फाटक उघडं. बिचारी धास्तावली आहे, असं प्रितमला वाटायचं. अंगणात शेजारच्या उलवे गावातल्या बांधकामांची धूळ उडायची आणि घरात काशीरामची काठी.

शनिवारी त्यानं पहिला घास थुंकला आणि थेट कोयता उचलला. हौसा जागची हलली नाही. उगारलेला हात तसाच राहिला, कोयता गळून पडला आणि मागोमाग काशीराम. गोळी तोंडात जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. हौसानं ऊर बडवून आळी गोळा केली.

दिवसकार्य उरकल्यावर तिनं बोंबलाचं कालवण केलं. प्रितमनं भीतभीतच घास घेतला. मीठ अगदी बेताचं होतं.

"आज जमलं गं, आई."

हौसानं त्याच्या भातावर आणखी एक पळी वाढली.

"मी मिठागरावर वाढले, प्रितम. माजा हात मिठाला कदीच चुकला नाय."