बारावा आठ

"आठ," मी म्हणालो. बाईंनी डंबेल पुन्हा उचललं. "आठ." निवृत्त शिक्षिका त्या, माझी लबाडी त्यांना पाठ होती. दमलेल्या माणसाकडून आणखी दोनदा वजन उचलून घ्यायचं तर आम्ही ट्रेनर मुद्दाम तोच आकडा घोळवतो. पण आज माझं मोजण्यात लक्षच नव्हतं. बायकोला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, सासूबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. हेडऑफिसने रजा नाकारली, म्हणून मी जिममध्ये. ड्यूटीवर फोन ठेवायला बंदी, तेव्हा तो मोज्यात खुपसलेला. मघाशी दोनदा थरथरून गप्प झालेला. "आठ." बाईंनी डंबेल खाली ठेवलं. "सर, हा बारावा आठ! कुठे आहात?" मी सांगितलं. "मॅनेजर काय गिळणार आहे का तुम्हाला? लावा फोन!" रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि माझंच रोजचं वाक्य ऐकवलं: "श्वास रोखू नका."