काजळी

संजयने फोटो खिडकीपाशी धरला. "दिपाली, हाच! नेमका हाच हवा होता. खालच्या कोपऱ्यात काहीतरी धुरकट दिसतंय, तेवढं कापून टाकू."

फोटोत याच हॉलचं छत होतं, दुरुस्तीच्या आधीचं, कोळशासारखं काळं. कापसातली सरकी काढणाऱ्या, आता बंद पडलेल्या जिनाच्या मॅनेजरचा हा बंगला दोघा नवरा-बायकोंनी निवृत्तीनंतर विकत घेतला, चार वर्षं राबून उभा केला, आणि मग त्यावर मिळून पुस्तक लिहिलं. सोमवारी ते छपाईला जायचं होतं. अडलं होतं जुन्या छताच्या एका फोटोवाचून. त्या दिवसांत हातात कायम घमेलं नाहीतर ब्रश. फोटो काढायचं सुचलंच नव्हतं.

हा फोटो आणला होता सत्यशीलाबाईंनी. त्यांच्याकडे बंगल्याचा जुना फोटो आहे, एवढंच गावातल्या किराणा दुकानदाराने सांगितलं होतं. आर्णीहून ऑटोने आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसून वर बघत होत्या.

"पांढरं फट करून टाकलं जी," त्या म्हणाल्या.

"तीन महिने लागले, तुळया घासून मधल्या भागाला चुना द्यायला. थांबा, वाचूनच दाखवतो."

'काजळी' हे संजयचं सर्वांत आवडतं प्रकरण. ते तो उभं राहून वाची. "'पंचवीस वर्षं हे घर रिकामं पडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आत शेकोट्या पेटवल्या असाव्यात. छतावर बोटभर काजळी होती. सोड्याचं पाणी, तारेचे ब्रश आणि आम्ही दोघं. ज्या दिवशी पहिली तुळई लाकडाच्या रंगाची झाली, त्या दिवशी वाटलं, घराने आम्हाला ओळखलं.'"

सत्यशीलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"रिकामं नव्हतं, सर. आमी होतो ना."

"कुठे?"

"अठीच. माह्या पोराचे, रोशनचे बाबा जिनाचे चौकीदार. जिन बंद झालं, मालक लोक गेले. चौकीदाराले 'जा' म्हनाले कोनी आलंच नाही. मंग राह्यलो. पंचवीस वर्स." त्या हसल्या. "अन् शेकोटी कायची? माही चूल होती ते. कापसाच्या पऱ्हाट्या जाळो मी. तीन महिने घासलं म्हनता! मले इचारलं असतं त सांगतलं असतं, त्या कोपऱ्यातली लवकर निंगत नाही. ते रोशनच्या बारशाच्या जेवनाची हाये."

संजयने फोटो पुन्हा पाहिला. खालच्या कोपऱ्यात एक तरुण बाई चुलीपुढे बसली होती, मांडीवर तान्हं मूल. धुराने चेहरा पुसट झाला होता. दलालाने किल्ली हातात ठेवली तेव्हा घर रिकामं होतं. त्याच्या आधल्या आठवड्यात कोण होतं, हे त्या दोघांनी विचारलं नव्हतं.

त्याने फोटो टेबलावर ठेवला. हात मात्र त्यावरून काढला नाही.

तेवढ्यात वरून कागदांवर पिवळसर भुसा पडला, पिठासारखा बारीक. दिपालीने सवयीने फडकं घेतलं. बत्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या दिपालीला तो कशाचा, हे ठाऊक होतं. कोणत्या तुळईखाली, कधी, किती, याची तिने वही ठेवली होती. काजळी निघाल्यानंतर चौदाव्या महिन्यात पहिला भुसा पडला. औषध दोनदा मारून झालं होतं. पुस्तकात यातलं काही नव्हतं. शेवट गोड असू दे, असं संजय म्हणाला होता, आणि तिने मान्य केलं होतं.

सत्यशीलाबाईंनी भुसा चिमटीत घेऊन चोळला. "भुंगा लागला वाटते. आमच्या वक्ताले नव्हता."

"पंचवीस वर्षांत एकदाही नाही?"

"कसा लागन? दोन टाइम धूर जाये वरती."

दिपालीने चष्मा काढला. पावसाची ओल, लाकडाची जात, चुन्याचा दमटपणा. सगळं तिने तपासून पाहिलं होतं. वही उघडून तिने एकच शब्द लिहिला, 'धूर', आणि पुढे प्रश्नचिन्ह दिलं. मग तेच पेन तिने संजयच्या हातातल्या पानावर, पहिल्या ओळीवर टेकवलं.

"सोमवारी द्यायचंय," संजय हळूच म्हणाला.

"सोमवार दर आठवड्याला येतो."

तिने ओळ खोडली. संजयने तिच्या हातून पेन घेतलं. खोडलेल्या ओळीखालच्या शेकोट्यांची ओळ त्याने स्वतः खोडली. तिच्याखाली तुळई होती, आणि मग घराने कुणाला ओळखलं ते. तिथे त्याचं पेन थांबलं.

"सत्यशीलाबाई," दिपाली म्हणाली, "चूल नेमकी कुठे होती?"

त्या उठल्या. इकडेतिकडे न बघता थेट कोपऱ्यात गेल्या, फुलदाणीसकट तिपाई उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसल्या. फोटोत होत्या तशाच. हात आपोआप पुढे गेला, जळण आत सारायला जातो तसा.

"अठी."

मग त्यांनी वर पाहिलं. पांढऱ्या छताकडे बराच वेळ बघत राहिल्या.

संजय त्यांच्यासमोर जाऊन खाली बसला. हातातलं प्रकरण त्याने पुढे केलं. "चूल पेटवायला हे चालेल?"

त्यांनी कागद घेतले, सारखे केले आणि त्याला परत दिले.

"कागदाच्या धुरानं काय होते, सर? भपकन जळते अन् संपते. पऱ्हाट्या आना."