चालू फाईल

“नवरा तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?” दीपमालानं विचारलं.

“जया,” जयमाला म्हणाली.

शेजारी बसलेल्या सासूनं, मनकर्णाबाईंनी, मांडीवरची पिशवी घट्ट धरली. उत्तर बरोबर होतं. त्यांनीच ते पढवलं होतं, पिंपळगाव राजाहून खामगावला येताना एसटीत. कुलदीपनं बायकोला कधी जया म्हटल्याचं त्यांना स्वतःला आठवत नव्हतं. लग्न झालं, अंगावरची हळद उतरायच्या आत पोरगा कॅनडाला परतला. जाताना बायकोला बोलावून घ्यायची फाईल तेवढी या ऑफिसात लावून गेला.

दीपमाला परदेशी जाणाऱ्यांना व्हिसाचा सल्ला द्यायची. मेडिकलच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस. मुलाखत झालीच तर साहेब काय काय विचारील, याची ती आधी तालीम करून घ्यायची. नवरा सकाळी काय खातो, घोरतो का, रागावला तर जेवतो का. जयमालानं सगळं धडाधड सांगितलं. ठेच्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. रागावला तर पाण्यालाही शिवत नाही. आईनं पोटच्या पोराबद्दल सांगितलेलं ते, चुकेल कसं?

“आता फोटो. दोघांचे आणायला सांगितले होते ना?”

जयमालानं मोबाईल पुढं केला. दीपमाला एकेक फोटो सरकवत गेली. सप्ताहात पोळ्यांच्या परातीशी बसलेल्या दोघी. काल्याच्या कीर्तनाला तोंडभर दही-लाह्या लागलेल्या मनकर्णाबाई, आणि शेजारी हसू न आवरणारी जयमाला. लोणारला धारेखाली भिजून कुडकुडणाऱ्या दोघी. मोतीबिंदू काढल्यावर काळा चष्मा लावलेली सासू, आणि पुढच्या फोटोत तोच चष्मा लावून मिरवणारी सून.

“हे बघून साहेब तुम्हाला पिंपळगावचाच व्हिसा देतील,” दीपमाला म्हणाली.

जयमाला हसली. दीपमाला हसली नाही. तिनं मोबाईल परत दिला आणि मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मनकर्णाबाईंना कळला, आणि त्यांची मान खाली गेली.

दिवाळीत कुलदीपचा फोन आला होता. तिकडं त्यानं दुसरं घर केलं होतं. जयमालाच्या कागदावर मी सही करणार नाही, असं आईला म्हणून त्यानं फोन ठेवला. मनकर्णाबाईंनी सुनेला काहीच सांगितलं नाही. एकट्याच खामगावला आल्या आणि दीपमालाचे हात धरले. फाईल चालू आहे असंच म्हणत राहा, म्हणाल्या. पोर खचून जाईल, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण त्यांना आणि त्यांच्या पांडुरंगाला ठाऊक. फाईल बंद झाली की जयमालाचे भाऊ येतील आणि बहिणीला घेऊन जातील. मालक तर कधीच गेले होते. पोरगा असून नसल्यासारखा. मग दिवेलागणीला हरिपाठ म्हणताना पुढची ओळ धरायला त्या घरात दुसरा गळा उरणार नव्हता.

दीपमालानं इतके दिवस निभावून नेलं. मागच्या खेपेला मात्र तिनं मनकर्णाबाईंना जिन्यात गाठलं.

“काकू, माझं काम वाट दाखवायचं आहे. नसलेल्या वाटेवर कुणाला उभं करून ठेवायचं नाही. तरणी पोर आहे, तिला तिचं काही बघू द्या. पुढच्या वेळी तुम्ही सांगा, नाही तर मी सांगेन.”

ती वेळ आज आली होती.

खाली रस्त्यावर एक हातगाडीवाला आंबे विकत होता, त्याचा आवाज तेवढा वर येत होता. खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी देव उभा राहतो, असं मनकर्णाबाई जन्मभर कीर्तनाच्या मांडवात बसून ऐकत आल्या होत्या. ऐकता ऐकता पदरानं डोळे पुसत आल्या होत्या. आज डोळे कोरडे ठणठणीत होते, आणि पाठीशी फक्त प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ.

“पोरी,” त्या म्हणाल्या. त्यांनी घसा खाकरला. “कुलदीप तुले नेत नाई. त्यानं तिकडं दुसरं घर केलं. मले दिवाळीपासून माहीत हाये. म्या तुह्यापासून लपवलं.”

जयमालानं मोबाईल पर्समध्ये ठेवला. चेन लावली. ती अडकली, तर पुन्हा मागं घेऊन सावकाश लावली.

“मले बी माहीत हाये,” ती म्हणाली. “त्याहीनं तुमच्या आधी मले सांगतलं.”

मनकर्णाबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सहा-सात महिने ही पोर आपल्यासोबत एसटीत बसली, आपण पढवू ते पाठ करत गेली, मधेच चुकून पुन्हा विचारत गेली. त्यांना काही उमगेना.

“मंग काऊन येत होती वं इथं?”

जयमालानं वर पाहिलं नाही. तिची नजर टेबलावरच्या फाईलवर होती. आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

“जायची फाईल चालू हाये, आई, म्हून तर मले तुमच्यापाशी राहता येते.”