दोन वाडगे

नवऱ्याने जबडा मोडल्यापासून सुनेला चावता येत नव्हतं. डॉक्टरांनी दात तारेने बांधून टाकले होते. सासूबाई उकडलेले बटाटे लोखंडी बत्त्याने असे ठेचत होत्या, की कपाटातल्या कपबशा थरथरत होत्या. "एक गुठळी ठेवत नाही बघ," त्या धापा टाकत म्हणाल्या. मग गरम दूध ओतून त्यांनी सगळं पळीवाढं केलं आणि दोन वाडगे भरले.

दुसरा कुणाला, असं सुनेने खुणेनेच विचारलं.

तेवढ्यात बाहेरून दारावर लाथ बसली. "मेलात का दोघी? दार उघडा."



"माझ्या लेकाला," सासूबाई म्हणाल्या, आणि बत्ता फडक्याला पुसून तसाच हातात घेऊन दार उघडायला गेल्या.