पाचवं भोक

दुकानदारानं काउंटरच्या काचेवर एक निळा बोर्ड ठेवला. काडेपेटीएवढा, दोन्ही कडांना पिनांची रांग.

"हा घेऊन जा, मॅडम. इकडून पाच व्होल्ट घाला, तिकडून सव्वातीन काढा. उलटंही चालतं. हौशी मंडळी डोळे मिटून नेतात."

थोरलीला हेच हवं होतं. सासूबाईंना दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली होती. घंटा वाजली की त्यांच्या खोलीत दिवा लुकलुकावा, एवढाच तिचा बेत. पण घंटेचा भाग पाच व्होल्टवर चालणारा आणि नवा चिमुकला कॉम्प्युटर बोर्ड सव्वातीनवर. दोघांना सरळ जोडलं की चिमुकला जीव सोडतो. परवा एक तसा गेलाही होता, धूर काढून. मध्ये असा समजूतदार बोर्ड हवाच.

एके काळी असले बोर्ड ती घरीच करायची. सर्किटचं चित्र काढण्यापासून ड्रिल मारण्यापर्यंत सगळं स्वतः. मग धाकटा भाऊ एकदा तिचा बोर्ड आणि त्याचं चित्र घेऊन गेला. त्याचा धंदाच सुट्या भागांचा, चार कारखान्यांत त्याची ऊठबस. "दाखवतो कुणाला तरी," म्हणाला. महिन्यानं हात हलवत परत आला. "कुणी हुंगलंसुद्धा नाही, ताई. उगाच डोळे फोडू नकोस. रेडीमेड मिळतात आता." तिनं ऐकलं. आपल्या पाठच्या भावाचं नाही ऐकायचं तर कुणाचं? सोल्डरिंगचं सामान तिनं माळ्यावर टाकून दिलं होतं.

तिनं बोर्ड उचलून पालथा केला. चार कोपऱ्यांत स्क्रूसाठी चार भोकं. आणि वरच्या कडेला आणखी एक.

"हे पाचवं कशाला?"

"सगळे हेच विचारतात! हवा खेळावी म्हणून असेल. कंपनीनं ठेवलंय म्हणजे काहीतरी असणारच की."

हवा कसली, कप्पाळ! थोरली तिच्या बोर्डांना शेवटी व्हार्निश लावायची आणि मोरीवरच्या खिळ्याला वाळत टांगायची. कोपऱ्यातल्या भोकात टांगलं तर बोर्ड तिरपा व्हायचा आणि व्हार्निश ओघळून पिनांत साचायचं. म्हणून वरच्या कडेला एक जास्तीचं भोक. जगात दुसऱ्या कुणाला त्याची गरज पडायचं कारण नव्हतं.

असेल योगायोग, ती स्वतःला म्हणाली. मग तिनं बोर्ड डोळ्यांजवळ धरला. भोक मधोमध नव्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढं डावीकडे सरकलेलं होतं. भावानं नेलेल्या त्या बोर्डाला हे भोक पाडताना सासूबाईंनी हाक मारली होती आणि तिचा हात हलला होता. भावाला द्यायचं चित्र तिनं त्याच बोर्डावरून नव्यानं काढलं होतं, चुकीसकट.

बिचारा धाकटा! कुणीतरी त्याला बनवलं होतं. त्याच्याकडून चित्र पाहून घेतलं, तोंडावर नको म्हटलं आणि पाठीमागे बोर्ड छापून मोकळे झाले. त्याला आधी सांगायला हवं. तिनं तिथूनच फोन लावला.

"अरे, मी दुकानात आलेय. पाच-सव्वातीनचा बोर्ड बघतेय, तर..."

"निळा ना? घे, घे. एक नंबर आहे." धाकटा घाईत होता, मागे यंत्रांची घरघर चालली होती. "दुसरा बघूसुद्धा नकोस."

"अरे, पण त्याला वर एक भोक..."

"त्याचं काही नाही गं. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, ते काढून टाका म्हणून, पण तोवर सगळं छापायला..."



"कुणाला म्हटलं होतंस?" थोरलीनं विचारलं.

"ताई..."

"तू तर म्हणालास, कुणी हुंगलं नाही."

"अगं, सांगणारच होतो. राहून गेलं. आणि तू तरी काय करणार होतीस त्याचं? मोरीवर टांगूनच ठेवणार होतीस ना?"

लहानपणी काच फोडून आला की तो याच आवाजात बोलायचा. तेव्हा आईसमोर तीच त्याची बाजू घ्यायची. आता तिला त्या आवाजाची शिसारी आली. तो पुढेही काहीतरी म्हणत होता, पण तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला.

दुकानदार अवघडून उभा होता. "मग काय करायचं, मॅडम? देऊ ना हाच?"

"द्या. सासूबाईंचा दिवा लागायला हवा." तिनं बोर्ड त्याच्याकडे सरकवला आणि भोकावर बोट ठेवलं. "आणि हे हवेसाठी नाहीये. वाळत टांगायला आहे."

"हो का? कंपनीवाले नाही बोलले कधी."

"त्यांना ठाऊक नाही," थोरली म्हणाली. "मधोमधच मारायचं होतं. हात हलला माझा."