सोबतची भाकरी

"कंपनी हा शब्द आला कुठून, सांगा बरं?" वर्धापनदिनाच्या माइकवरून एचआरचे मिरीकर साहेब विचारत होते. आम्ही पॅकिंगच्या बायका काय सांगणार? निम्मी जेवणाची सुट्टी भाषणातच गेलेली. मग त्यांनीच सांगितलं, "लॅटिनमधून! सोबत भाकरी खाणारे ते सोबती, आणि सोबत्यांची ती कंपनी!" सुपरवायझरने टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

एरवी आम्हा कंत्राटी बायकांना कॅन्टीनमध्ये पाऊल टाकायची परवानगी नाही. पार्किंगच्या पत्र्याखाली, स्कूटरींच्या मधे बसून डबे उघडायचे. आज फोटोसाठी आत बोलावलं होतं. साहेबांच्या ताटात पनीर, जिलबी. आमच्यापुढे आमचेच डबे.

साहेब आपलं ताट घेऊन आमच्यातल्या लंकाबाईंशेजारी येऊन बसले. न विचारताच त्यांच्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला, ओठांत धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. चेहरा असा, की भाकरीवरच उपकार करतायत. फोटो निघाला. तसा तोंडातला तुकडा काढून त्यांनी परत डब्यात टाकला आणि रुमालाने बोटं पुसत फोटोग्राफरला म्हणाले, "दाखव बघू, कसा आलाय?"

लंकाबाईंनी तो तुकडा चिमटीत उचलला, साहेबांच्या ताटात जिलबीवर ठेवला आणि डबा त्यांच्यासमोर सरकवला.

"सायेब, ह्ये समदं आता तुमीच खावा. आमी कुनाचंबी उष्टं खात न्हाय."